तिजोरीचा आकडा

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. मिशिगन राज्यातल्या ज्या ओकलंड काउंटीत मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते, तिथल्या न्यायालयात त्या दिवशी एका आईच्या खटल्याचा निकाल अपेक्षित होता. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोळीबार केला होता. त्यात चार मुले गेली आणि सात जण जखमी झाले. ते गाव आमच्या दवाखान्यापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. मुलाला आधीच जन्मठेप झाली होती. आता त्याची आई, जेनिफर क्रम्बली, सदोष मनुष्यवधाच्या आरोपाखाली उभी होती आणि ज्यूरी आदल्या दिवसापासून विचारविनिमय करत होती. दवाखान्यात प्रत्येकाचे लक्ष अधूनमधून फोनकडे जात होते.

पुढे जे सांगते आहे त्यातल्या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आमच्याकडे वार्षिक तपासणीला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांना एक प्रश्नावली दिली जाते. गाडीत पट्टा लावता का, घरात कोणी धूम्रपान करते का, पोहण्याचा तलाव आहे का, अशा प्रश्नांच्या रांगेतच ‘घरात बंदूक आहे का, असल्यास ती कुलपात आहे का’ हा प्रश्न असतो. डॉक्टरांनी हा प्रश्न विचारावा की नाही यावरही या देशात लढाई झालेली आहे. फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये कायदा करून डॉक्टरांना असे विचारण्यापासून रोखू पाहिले होते, आणि तो निर्बंध रद्द होण्यासाठी २०१७ साल उजाडावे लागले. मिशिगनमध्ये तशी आडकाठी नाही. तरीही काही पालक तो रकाना कोरा सोडतात, काही रागावतात आणि बरेच जण सरळ उत्तर देतात.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत मात्र मी वर्षानुवर्षे एक गोष्ट करत आले होते, जी लिहिताना आज लाज वाटते. तो रकाना कोरा दिसला की मीच तिथे ‘नाही’ भरत असे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले तोवर मी बंदूक पाहिली होती ती बँकेच्या दारात स्टुलावर बसलेल्या रखवालदाराच्या मांडीवरची दुनळी. आपल्या माणसांच्या घरात देव्हारा असतो, लोणच्याच्या बरण्या असतात. पिस्तूल कशाला असेल? हा विचार मी कधी तपासून पाहिला नव्हता.

दुपारी एकच्या सुमारास आलेला मुलगा चौदा वर्षांचा होता. मी त्याला पहिल्या लसीपासून ओळखते. मंडळाच्या गणेशोत्सवात तो मला ‘डॉक्टर मावशी’ म्हणतो आणि दवाखान्यात नुसते ‘डॉक्टर’. आई-वडील दोघेही बरोबर होते. उंची वाढलेली, वजन तीन किलोने उतरलेले. बारा वर्षांपुढच्या मुलांकडून आम्ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी भरून घेतो. त्यातला नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयी असतो. त्याने तिथे ‘काही दिवस’ यावर खूण केली होती.

या वयाच्या मुलांशी थोडा वेळ एकट्याने बोलण्याची आमची रीत आहे, त्यामुळे आई-वडिलांना बाहेर बसायला सांगणे अवघड गेले नाही. तो जे बोलेल ते माझ्यापाशीच राहील, मात्र त्याच्या जिवाला धोका दिसला तर मला घरच्यांना सांगावे लागेल, हे मी आधी स्पष्ट केले. तो बोलला. शाळा बदलल्यापासून जेवणाच्या सुट्टीत कोणाजवळ बसावे ते कळत नाही, रात्री झोप येत नाही, आणि ‘मी नसतो तर काही फरक पडला नसता’ असे मनात येऊन जाते. काही ठरवलेले नव्हते, कोणावर राग नव्हता. शाळेत गोळीबार झाला तर कसे लपायचे याच्या सरावाच्या वेळी वर्गातल्या कपाटामागे कोण कोण मावेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो, आणि त्या हिशेबात तो स्वतःला बाहेरच ठेवतो, हे त्याने हवापाण्याविषयी बोलावे तसे सांगितले.

मग मी तो प्रश्न विचारला. केवळ नियम म्हणून, उत्तर ‘नाही’ येणार अशा खात्रीने.

“आहे,” तो म्हणाला. “बाबांकडे पिस्तूल आहे. पण ते सेफमध्ये असते.”

“आणि सेफ उघडता कोणाला येते?”

“सगळ्यांना. आईचे दागिने त्यातच असतात ना. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने मलाच ठुशी आणायला पाठवले होते.”

त्याने आकडाही सांगितला असता. मीच त्याला थांबवले.

आई-वडिलांना आत घेताना काय बोलायचे ते मी मनाशी जुळवत होते, पण वडिलांच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर दुसराच राग. निकाल लागला होता: चारही आरोपांत दोषी. शाळेतल्या सामूहिक गोळीबाराबद्दल मुलाच्या आईला सदोष मनुष्यवधाची दोषी ठरवण्याची या देशातली ती पहिलीच वेळ होती. मुलगा बाहेर नर्सबरोबर बसला आणि आम्ही तिघे एका लहानशा खोलीत, हत्तींची चित्रे असलेल्या भिंतीसमोर, पाऊण तास वाद घालत राहिलो. माझे पुढचे दोन रुग्ण खोळंबले. त्यातल्या एकाच्या आजीने मला नंतर सुनावलेही.

“म्हणजे आता मुलाने गुन्हा केला की तुरुंगात आईबापांनी जायचे,” वडील म्हणाले. “आणि शाळा? त्यांनी तर सकाळीच त्याचे चित्र पाहिले होते.”

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या सकाळी शिक्षिकेला गणिताच्या कागदावर बंदुकीचे चित्र आणि मदतीची याचना सापडली होती. आई-वडिलांना बोलावून घेतले गेले, त्यांनी मुलाला घरी नेण्यास नकार दिला, आणि शाळेने त्याला पुन्हा वर्गात पाठवले. त्याचे दप्तर कोणी उघडून पाहिले नाही. पिस्तूल त्यातच होते. त्या खोलीत बसलेल्या मोठ्या माणसांपैकी कोणीही एकाने वेगळे वागण्याचे ठरवले असते तर तो दिवस टळू शकला असता, हे मला आजही वाटते. मात्र शाळेला घरात पिस्तूल आहे हे ठाऊक नव्हते; आई-वडिलांना होते. ते चारच दिवसांपूर्वी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, आणले गेले होते. त्याच्याबरोबर मिळालेले, बंदुकीतून ओवून लावायचे तारेचे कुलूप प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेरही निघाले नव्हते, आणि घरातल्या दुसऱ्या बंदुकांच्या तिजोरीचा आकडा तीन शून्ये होता. साक्ष देताना आईने सांगितले की बंदुकीचे सगळे नवराच बघत असे.

मी एवढे बोलले तेव्हा समोर बसलेल्या आईने मान खाली घातली. थोड्या वेळापूर्वी, पिस्तुलाचा विषय निघताच, तिनेही मला हेच सांगितले होते: “ताई, ते सगळे हे बघतात.”

मग मी त्यांना मुलाच्या खुणेविषयी सांगितले. वडिलांचा आवाज खाली आला, पण वाद संपला नाही. त्याची दिशा बदलली. पिस्तूल त्यांनी हौसेने घेतलेले नव्हते. भारतीयांच्या घरांत सोने असते हे हेरून घरफोड्या करणाऱ्या टोळ्यांनी आमच्या भागात काही वर्षे अक्षरशः उच्छाद मांडला होता, आणि त्यांच्या ओळखीच्या एका घरात तर माणसे घरात असताना दरोडेखोर शिरले होते. पोलीस येईपर्यंतची मिनिटे त्यांनी मनात शंभर वेळा मोजलेली होती. कुलपात ठेवलेले, गोळ्या काढलेले हत्यार अपरात्री काय कामाचे, हा त्यांचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वॉशिंग्टन शहराचा घरातले हत्यार सुटे भाग करून किंवा कुलूपबंद ठेवण्याचा नियम रद्द केला होता, हेही त्यांनी मला ऐकवले. माणूस संगणकक्षेत्रातला आहे. वाचूनच आला होता.

मीही वाचलेले होते. बरोबर एका आठवड्याने, १३ फेब्रुवारीला, मिशिगनचा नवा कायदा लागू होणार होता. तो अंगावर बाळगलेल्या पिस्तुलाला हात लावत नाही. घरात अल्पवयीन मूल असताना किंवा येण्याची शक्यता असताना जे हत्यार तुम्ही मागे सोडून जाता, ते रिकामे आणि कुलपात हवे किंवा बंद पेटीत हवे, एवढेच तो सांगतो. आणि मुलाच्या हाती ते लागून कोणाचा मृत्यू झाला तर मालकाला पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

“माझे तर बंद पेटीतच आहे,” ते म्हणाले.

इथे मी अडखळले, कारण कायद्याच्या शब्दांपुरते ते कदाचित बरोबरच होते. पेटी होती, कुलूप होते, दुर्लक्ष म्हणावे असे काही नव्हते. घरातल्या मुलावर विश्वास होता, आणि आपल्याकडे तो असतोच. चौदा वर्षांच्या मुलाला दागिने आणायला पाठवणे हा त्या घरातला प्रेमाचा भाग होता. “आमच्या घरात मुलापासून लपवण्यासारखे काही नाही,” हे वाक्य त्यांनी अभिमानाने उच्चारले. दर संक्रांतीला आणि दर लग्नकार्याला तिजोरीचा आकडा घरभर फिरत होता, आणि तिच्यात सोन्याच्या शेजारी भरलेले पिस्तूल होते.

मी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २०१९ मध्ये शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरात मिळाली होती, आणि काही घरांत तर ती कुलूपबंद असूनही त्यांच्या हाती लागली होती. दुसरी गोष्ट त्यांच्या मुलाची. तो कोणावर हात उगारणारा नाही, हे मी शपथेवर सांगितले असते. पण जिवाला कंटाळलेल्या मुलाच्या मनातली लाट पुष्कळदा काही मिनिटांत ओसरते, आणि त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर सारे ठरते. बंदुकीने केलेल्या प्रयत्नांतून दहांपैकी जेमतेम एखादा वाचतो. शाळेतला हल्ला आणि घरातला हा एकांत, दोन्हींची वाट त्या एकाच पेटीतून जाते.

“आकडा बदलतो,” ते म्हणाले. मी सांगितले की आकडा तर बदलाच, पण मुलगा सावरेपर्यंत पिस्तूल घरात नको. यावर ते उठूनच उभे राहिले.

मला तेव्हा काय सुचले कोणास ठाऊक. त्यांचे गाव चिपळूणजवळचे आहे, आणि त्यांच्या चुलत्यांकडे रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्याची बंदूक आहे, हे मी मंडळातल्या गप्पांत ऐकले होते. मी विचारले, “निवडणूक लागली की तुमचे काका बंदुकीचे काय करतात?”

“पोलीस ठाण्यात जमा करतात. पावती मिळते. निकालानंतर परत आणतात.” आणि क्षणभराने, “ते वेगळे. तो सरकारी हुकूम असतो.”

“हुकूम मला देता येत नाही,” मी म्हणाले. “पण जमा करण्याची सोय इथेही आहे. काही दुकानदार ठेवून घेतात, काही पोलीस ठाणीही.”

ते काही बोलले नाहीत. बोलली ती त्यांची बायको, आणि तेही माझ्याशी नाही. “सोने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू या,” ती नवऱ्याला म्हणाली. “मग राखायचे काय उरते?” खरे तर या एका वाक्यात माझ्या पाऊण तासापेक्षा अधिक ताकद होती. वडिलांना ते पटले असे मी म्हणणार नाही; माणसे राखायची उरतातच, असे ते पुटपुटले. पण मुलाला आत बोलावून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि समुपदेशकाची त्याच आठवड्यातली वेळ घेतल्याशिवाय ते दवाखान्यातून हलले नाहीत.

ती मंडळी गेल्यावर आमच्या नर्सने मला कॉफी आणून दिली. तिचे माहेर-सासर दोन्ही शिकाऱ्यांचे. मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम उघडतो आणि तिच्या गावच्या शाळेला त्या दिवशी चक्क सुट्टी असते. तिच्या घरी सात बंदुका आहेत, आणि नव्या कायद्याविषयी तिचे मत फारसे बरे नाही. मात्र तिच्या सासऱ्यांनी कपाटाची किल्ली मरेपर्यंत स्वतःच्या गळ्यात ठेवली, गोळ्या तळघरात वेगळ्या कुलपात, आणि मुलांना ती जागा सोळाव्या वर्षापर्यंत दाखवली नाही. “घाबरून बंदूक घेणाऱ्यांना ती हाताशी हवी असते,” ती म्हणाली. “आम्हाला ती नोव्हेंबरपर्यंत लागत नाही.” एवढ्या वर्षांत मी तिला या विषयावर कधी काही विचारले नव्हते.

त्या रात्री मुलाच्या आईचा निरोप आला: पिस्तूल दुकानदाराकडे जमा केले, पावती यांच्या पाकिटात आहे. मी दवाखान्यातच होते. संगणकावर मराठी कुटुंबांच्या नोंदी काढून बसले होते. बंदुकीच्या रकान्यात मी स्वतः, न विचारता ‘नाही’ भरलेली तेवीस मुले निघाली, सोळा घरांतली.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत मी एकेका घरी फोन लावला. “बंदूक? काहीतरीच काय, ताई!” असे बहुतेकांनी हसून म्हटले. दोन घरांत कोणी हसले नाही. त्यांतल्या एका घरी ती स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे होती, आणि घरात सहा वर्षांची जुळी. आमच्या दवाखान्यात फुकट वाटायला तारेच्या कुलपांचे एक खोके ठेवलेले असते. त्यातले एक कुलूप घेऊन मी संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या दाराशी थांबले. कुलूप कसे लावायचे ते मलाही माहीत नव्हते. नर्सला फोन करून आम्ही ते तिच्याकडून शिकून घेतले.