कार्तिकीची वारी आणि काकींचा डबा

कळंबोली मागे पडेपर्यंत मी नाम घेतलं असेन असं वाटत नाही. ट्रेलरच्या हॉर्नमध्ये 'ज्ञानोबा-तुकाराम' बुडून जात होतं, आणि शेजारी दादा गॅसच्या कनेक्शनवर बोलत होता. ते बाबांच्या नावावरून आईच्या नावावर करायचं, तर मृत्यूच्या दाखल्यात आडनावाला एक काना जास्त पडलेला. "आल्यावर बघू," मी म्हटलं. "तुझं सगळं आल्यावरच," तो म्हणाला. पनवेलपर्यंत आम्ही बोललो नाही.

आमच्या घणसोलीची दिंडी कार्तिकीला आळंदीला जाते. बाबा दरवर्षी जायचे. यंदा श्रावणात गेले. दादाच्या गळ्यात माळ नाही, बोंबलावर जीव, तरी बाबांचे टाळ त्यानेच घेतले. एक बुवा भेटतील तेव्हा सांगायचे, "भाग्यवान हो, दुखणं न काढता गेले." आई मान डोलवायची. मला वाटायचं, या माणसाची चप्पल तुटावी.

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. आमच्या घरी कढई चढली नाही म्हणून अख्ख्या आळीने फराळ आणून दिला, सणाला कधी नसतो एवढा. आईने डब्यांसकट तो टेम्पोत चढवला आणि विसाव्याला वाटत राहिली. चकल्या मऊ पडल्या, कोणी नाही म्हटलं नाही. तिला घोर एकच, कोणाचा डबा कोणता.

खालापूरच्या अलीकडे माझ्या टाचेने दगा दिला. फोड कधी आला कळलंच नाही, कळला तेव्हा चपलेत पाय टेकवेना. दिंडी पुढे गेली, ऊन नोव्हेंबरचं असून डोक्यात जात होतं. पंक्चरच्या दुकानाबाहेर जुन्या टायरवर बसले. दुकानवाल्याने काही विचारलं नाही. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं घमेलं त्याने ओतलं, घासलं, स्वच्छ पाणी भरून माझ्यापुढे ठेवलं. स्वतःचे हात ग्रीसने काळे, म्हणून आत बघून बायकोला हाक मारली.

ती सुई घेऊन आली. दोरा हळदीने पिवळा केलेला. सुई तिने काडीपेटीवर तापवली, माझा पाय सरळ मांडीवर घेतला. मी मागे ओढला, तिने परत घेतला. फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली.

"दोरा काढू नका, पाणी त्यातनं झिरपतं. कातडं तर ओढूच नका. पहिलीच वारी?"

"हो. बाबा यायचे."

"यंदा नाही आले?"

"त्यांचे पाय दुखतात," मी म्हटलं.

"मग त्यांनाही हे सांगा, हळदीच्या दोऱ्याचं."

सांगते म्हटलं. पैसे द्यायला गेले तर दुकानवाला म्हणाला, माउली, पंक्चर काढायचे घेतो, हे नाही. टेम्पो मागे फिरून मला न्यायला आला तेव्हा त्यात बुवाही होते. त्यांच्या टाचेलाही फोड होता. मी त्यांना दोऱ्याचं सांगितलं नाही.

घाटात दादाने शिंग्रोबाला नाणं टाकलं. लोणावळा, कामशेत, देहू. थंडी, घोरणं, पहाटेच्या रांगा.

आळंदीत कीर्तनाला बसलो. बुवांनी शके १२१८ ची त्रयोदशी अशी उभी केली, निवृत्तिनाथ शिळा लावतात तिथपर्यंत आले, की मंडपात हुंदके. दादा टाळ मांडीवर ठेवून रडत होता. मीही. आई माझ्याकडे झुकली आणि कानात म्हणाली, "काकींचा डबा तळेगावला राहिला बहुतेक."

दर्शनबारी बघूनच आईने कळसाला हात जोडले, आणि आम्हाला भांड्यांच्या दुकानात नेलं. तेवढ्याच मापाचा डबा मिळायला तीन दुकानं. नाव काय घालू, दुकानदाराने विचारलं. आमच्या घरातल्या चमच्यापासून पिंपापर्यंत सगळ्यावर जे नाव आहे, तेच आईने सांगून टाकलं. मशीन घरघरलं. चार अक्षरं उमटल्यावर ती ओरडली, "अहो थांबा, थांबा, हे नाही!"

मग दुसरा डबा घेतला, त्यावर काकींच्या यजमानांचं नाव. दादा दोन्हींचे पैसे काढत होता, तिने त्याचा हात धरला.

"एकावर अर्धंच नाव घातलंय," ती दुकानदाराला म्हणाली, "त्याची मजुरी पुरी कशी लावता?"