छत ठोकून पाहिलं काय?

लुडम डेअर या ठरावीक वेळात गेम बनवायच्या ऑनलाइन स्पर्धेच्या ४८व्या फेरीचा विषय होता 'डीपर अँड डीपर'. एप्रिल २०२१ची गोष्ट. विषय वाचला आणि अर्धं जग आता जमीन खोदणार हे कळून चुकलं. मीही खोदणार होतो, फक्त कॉम्पो गटात. म्हणजे ४८ तास, एकट्याने, आणि चित्रं-आवाज-लेव्हल सगळं त्याच वेळात घडवलेलं. जॅम गटाला ७२ तास मिळतात, टीमही चालते, पण मला एकट्यालाच बरं वाटतं. आपल्याकडे ही फेरी शनिवारी सकाळी साडेसहाला सुरू होते. युरोपवाले रात्री तीनला डोळे चोळत बसतात, आपण अंघोळ करून चहा घेऊन बसायचं.

निर्बंधांमुळे मी तेव्हा पुण्यात नव्हतो, चंद्रपूरला घरी होतो. बाबा वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीतून निवृत्त. भूमिगत खाणीत मायनिंग सिरदार होते, म्हणजे छत तपासणारे आणि माणसांच्या सुरक्षेवर नजर ठेवणारे. हे आधीच सांगितलं, कारण पुढे गेम त्यांनीच वळवला.

हत्यारं माझी नेहमीची: लव्ह ही गेम बनवायची चौकट, लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्या पोटात बॉक्सटूडी. तेच एरिन कॅटोचं फिजिक्स इंजिन, ज्याच्यावर अँग्री बर्ड्सचे पक्षी उडाले. जमीन म्हणजे चौकोनांची जाळी. खेळाडूने चौकोन फोडला की खालच्या पक्क्या खडकापासून फ्लडफिल चालवायचं, म्हणजे चिकटलेल्या चौकोनांवरून पाण्यासारखं पसरत जायचं. ज्या चौकोनांपर्यंत ते पोचत नाही ते अधांतरी. त्यांचा तुकडा सुटा करायचा आणि बॉक्सटूडीकडे सोपवायचा. तो पडतो, आपटतो, घरंगळतो. दुपारपर्यंत एवढं चालायला लागलं आणि दिसायलाही झकास होतं.

बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हे काय करून राहिला बे?"

"खाणीचा गेम."

थोडा वेळ पाहिलं. स्क्रीनवर अख्खा डोंगर एका चौकोनाच्या खुंटावर निवांत उभा होता. फ्लडफिलच्या लेखी 'जोडलेला' म्हणजे 'टेकलेला', मग जोड एका बोटाचा का असेना. खोदायचे बहुतेक गेम असेच चालतात. तिथे माती एकतर आहे नाहीतर नाही.

"एवढा पहाड त्या खुंट्यावर? अन् छत ठोकून पाहिलं काय?"

मग जेवण होईपर्यंत बोर्ड अँड पिलरचा वर्ग झाला. कोळशात आडव्या-उभ्या गॅलऱ्या काढत जायचं, मधे कोळशाचेच चौकोनी खांब सोडायचे. गॅलरीची रुंदी नियमाने ४.८ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. जितकं खोल जाल तितका खांब जाड. कोळसा समोर दिसतोय, कापायला दोन तास लागतील, तरी हात लावायचा नाही. म्हणजे खाणीतला खरा निर्णय काय सोडायचं हा असतो, आणि हा निर्णय मी खेळलेल्या एकाही खोदकामाच्या गेममध्ये नव्हता. माझा गेम तिथेच ठरला.

पण इंजिन त्याला उपयोगाचं नाही. बॉक्सटूडीला पडणं उत्तम येतं, पेलणं येत नाही. हलक्या पेटीवर फार जड पेटी ठेवली की रास थरथरते, दबते, मधेच उसळते. आणि दोन स्थिर वस्तू एकमेकींवर टेकल्या असतील तर त्यांच्यातला भार ते काढतच नाही. म्हणून खांबांचा हिशेब मी बाहेर काढला. साधा आहे. खडक घनमीटरला अडीच टन धरला तर १०० मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर २५० टन. खांब स्वतःच्या डोक्यावरचा भार घेतोच, शिवाय चारी बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या गॅलरीचाही. खांब १२ मीटरचा आणि गॅलरी ४ मीटरची असेल तर १६ भागिले १२, त्याचा वर्ग, म्हणजे पावणेदोन पटीहून थोडा जास्त. तोच खांब चारी बाजूंनी तासून ६ मीटरवर आणला की भार सात पट. खांबाची रुंदी निम्मी होते आणि भार आधीच्या चौपट.

आणि खांब किती पेलेल? दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुकच्या खाणीत २१ जानेवारी १९६०ला खांब एकामागोमाग एक बसले, ४३७ माणसं आत राहिली. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो यांनी टिकलेले ९८ आणि कोसळलेले २७ खांब-पट्टे तपासून १९६७मध्ये सूत्र मांडलं: ताकद रुंदीच्या ०.४६ घाताने वाढते, उंचीच्या ०.६६ घाताने घटते. लुआत ती एक ओळ आहे. तिच्यामुळे गेममध्ये एक पेच आपोआप आला. खांबाला हात न लावता नुसता तळाचा कोळसा खरवडला तरी खांब उंच होतो, म्हणजे कमजोर होतो. एक खांब गेला की त्याचा भार मी शेजाऱ्यांवर वाटतो. पुढचं खेळाडूने पाहायचं. (सूत्र आफ्रिकेच्या कोळशाचं, त्रिमितीतलं, माझा गेम चपटा. खाण अभियंत्यांनी माफ करावं.)

भार दाखवायला आधी लाल-हिरवी पट्टी घातली होती. बाबा म्हणाले, खाणीत पट्टी कुठे असते, छत बोलते. सिरदार काठीने छत ठोकत चालतो. पक्कं असेल तर खणखणतं, सुटलेलं असेल तर ढबढब. पट्टी काढली, ठोकण्याचं बटण दिलं. आवाज आमच्याच अंगणात रेकॉर्ड केले: एक दगडी पाट्यावर, एक रिकाम्या पिंपावर, आणि भाराप्रमाणे दोन्ही मिसळले. टेकू मुद्दाम लाकडाचे ठेवले, कारण लाकूड मोडण्याआधी कडकडतं आणि पळायला वेळ देतं. "माझ्या सासऱ्याच्या जमान्यात लोक त्या कडकडाटावर जगले," हे बाबांचं वाक्य.

एक गोष्ट मात्र मी न मागता मिळाली. पडलेले तुकडे चौकोनी होते तोवर ते विटांसारखे नीट रचून बसायचे. वैतागून त्यांचे कोपरे वेडेवाकडे छाटले (बॉक्सटूडीत एका बहुभुजाला जास्तीत जास्त आठ कोपरे, पुरतात). लगेच ढिगारा फुगला, मधे पोकळ्या राहिल्या, आणि छत थोडं पडलं की ढिगारा वरपर्यंत भिडून पडझड स्वतःच थांबायला लागली. खऱ्या गोफातही (कोळसा काढून झाल्यावर मागे उरलेल्या जागेत) फुटलेला दगड असाच जास्त जागा खातो. मी ते लिहिलंच नव्हतं.

खेळणाऱ्यांपैकी बरेच जण मिनिटभरात गाडले गेले आणि 'अन्फेअर' लिहून गेले. ठोकायचं बटण त्यांनी दाबलंच नव्हतं. ज्यांनी दाबलं त्यांनी हेडफोन लावून खेळा असं इतरांना सांगितलं. मला दोन्ही पटलं, पण पट्टी परत आणणार नाही.

आता गेममध्ये डीपिलरिंग करतोय: शेवटच्या टोकापासून मागे येत सोडलेले खांब काढायचे आणि मागचं छत मुद्दाम बसू द्यायचं. बाबांना दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "वर गाव आहे का शेत, ते आधी सांग." गाव असेल तर वाळू भरल्याशिवाय खांब काढू देणार नाहीत ते. म्हणून सध्या कोड बाजूला ठेवून जमिनीवरची घरं काढत बसलोय.