शेजारी कधी वाटेकरी, कधी आधार

"उपटून टाका की ओ ते गवत, सगळं खत तेच खातंय!" सकाळी कुंडीतल्या मिरचीकडं बघून शेजारच्या काकू म्हणाल्या. टाकलं उपटून. मुळांचा असा जुडगा निघाला, की मिरचीच्या वाट्याला काय उरत होतं देव जाणे.

काकूंचं बरोबरच आहे. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीत शेजारी म्हणजे वाटेकरी. पण दिवसभर डोक्यात राहिलं ते वेगळंच. गगनबावड्याचा घाट उतरून किनाऱ्यावर गेलं की हा हिशेब फिरतो.

तिथली मर्यादवेल बघा. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळी फुलं. तापलेल्या वाळूवर सरपटत जाते आणि पेरापेराला मूळ धरते. उडती वाळू तिच्यात अडकते, जागा जरा स्थिर होते, मग दुसरी झाडं पाय रोवतात. खाजणातही, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं त्या चिखलट जागेतही, तसंच. उघड्या चिखलातलं पाणी उन्हानं उडतं आणि मीठ वर साचतं. एखाद्या झुडपाची सावली पडली, की तेवढ्या जागेत खारटपणा कमी. बर्टनेस आणि कॅलवे या शास्त्रज्ञांनी 1994 साली हेच मांडलं: परिस्थिती कठीण तिथं झाडं एकमेकांना धरून राहतात, सुखाची असली की ओढाताण सुरू.

अर्थात किनाऱ्यावरचं प्रत्येक झाड काही साधुसंत नसतं. सुरूच्या बनात काड्यांचा असा जाड थर साचतो, की खाली फारसं काही रुजतच नाही.

मालवण-देवगडकडचं कोणी आहे का इथं? तुमच्याकडं सुरूखाली काय उगवतं, सांगा की जरा.