कॅलिपरवरचं 'एड'

चतुर्थीच्या आधीचा आठवडा म्हणजे बेळगावजवळच्या आमच्या पिरनवाडी नाक्यावर भाजीच्या गाड्यांची रीघ. जांबोटीवरून कणकुंबी, पुढं चोर्ला घाट उतरून साखळी. गोव्यात सणाला फ्लॉवर, कोबी, मिरची लागते आणि त्यातली बरीचशी आमच्याकडूनच जाते. त्या दिवशी दुपारी माझ्या गॅरेजात कडोलीच्या एका मामांची पिकअप आली. मुलगा चालवत होता. पुढची दोन्ही चाकं तापतात, ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढते, एवढीच तक्रार. रात्री दहाला माल भरून निघायचं होतं.

चाकं काढली तर दोन्ही कॅलिपरचे, म्हणजे चाकाची चकती पॅडमध्ये दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या भागाचे, पिस्टन गंजून अडकलेले. ब्रेक ऑइल चहासारखं काळं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात त्याला ओलाव्याची काय कमी? नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलं की तीच हद्द १४०च्या आसपास येते. घाटात सारखा ब्रेक दाबून ऑइल उकळलं तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. चोर्ल्याच्या वळणावर असं व्हायला नको म्हणून मी मामांना म्हटलं, दोन्ही कॅलिपर खोलून नव्या सीलचं किट टाकूया आणि ऑइल सगळं बदलूया. "करा की," ते म्हणाले आणि टायरवर बसून राहिले.

दोन्ही कॅलिपर एकदमच काढून एकाच बाकावर ठेवली, ब्रेक ऑइलनंच धुतली (घासलेट वापरत नाही, त्यानं सील फुगतात), पिस्टन घासले, किट बसवलं, गाडीला लावली. उजवा होस, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणारी रबरी नळी, जरा पिळवटूनच बसला. ते तेव्हाच मनात टोचायला हवं होतं. टोचलं नाही. घड्याळ टोचत होतं.

मग ऑइलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला बसलो. माझ्याकडचं पोरगं सौंदत्तीकडचं, कन्नड बोलणारं, चार महिने झालेत येऊन. ते पेडलवर, मी खाली. पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढची दोन. मागचा एक्सल स्टँडवर टेकवलेला होता. बॉडी उचलून चाकं लोंबती ठेवली तर लोड बघून मागचा दाब कमी करणारा वॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागं ऑइल नीट येत नाही. यात पूर्वी एकदा माझी अख्खी संध्याकाळ गेलेली आहे.

चारही चाकं झाली. पेडल दाबलं तर स्पंज. पुन्हा चार चाकं, पुन्हा स्पंज. वरचा ऑइलचा रिझर्व्हॉयर रिकामा होऊ दिला नव्हता, तरी दुसरा डबा फोडला.

माझा पहिला संशय पोरावर गेला. मी खालून "सोडलं" म्हणायचो, म्हणजे हवा काढायचं बारकं निपल सैल केलं. त्याला ऐकू यायचं "सोड", आणि ते पाय उचलायचं. निपल उघडं असताना पेडल वर आलं की हवा उलटी आत शिरते. दोघांच्या तोंडी एकच क्रियापद आणि कामं दोन. वैतागून त्याला म्हटलं, आता कन्नडमध्येच. "ओत्तु" म्हणजे दाब, "हिडी" म्हणजे धरून ठेव, आणि निपल बंद झाल्याशिवाय "बिडु", म्हणजे सोड, नाही. पोरगं चिडलं असावं, पण एकदाही चुकलं नाही. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीत स्वच्छ ऑइल आलं, बुडबुडा एक नाही. पेडल मात्र तसंच.

बुडबुडा नाही आणि पेडल मऊ, हे कोडंच होतं. पेडल दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन टणक होत असेल तर मागच्या ड्रम ब्रेकचे शू ढिले, त्यांचं लायनर आणि ड्रममध्ये अंतर जास्त. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती, नाहीतर मास्टरचं सील आतून सोडतंय. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल फ्लोअरला टेकवलं की मास्टरच्या आत न घासलेल्या, गंज चढलेल्या भागावरून सील जातं आणि फाटतं. म्हणून पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवतो, आजही ठेवला होता. इथं पेडल खाली जात नव्हतं, वरही येत नव्हतं. नुसतं गादीसारखं दबत होतं.

शेवटी पुढच्या दोन्ही होसना क्लॅम्प लावून ते चिमटून बंद केले. पेडल दगड. म्हणजे मास्टर बरा, मागची लाइन बरी. डावा क्लॅम्प सोडला, मऊ. तो लावून उजवा सोडला, मऊ. दोन्ही कॅलिपर एकदम बिघडलेली? मी किटला शिव्या घातल्या. मनात दुकानदाराशी भांडूनही झालं.

साडेसात वाजले होते. मामा इतका वेळ काही बोलले नव्हते. ते उठून डाव्या चाकापाशी वाकले.

"मिस्त्री, एक इचारू काय? ते बारकं टोपण खालीच असतंय काय वो?"

"कुठलं?"

"तुम्ही हवा सोडालाय ते. आमच्या पाइपलाइनला हवेचा वॉल उंचवट्यावर बसवत्यात. खाली बसवला तर निस्तं पाणीच येतंय की, हवा बसत्या वर."

मी बॅटरी मारून बघितलं. निपल खाली, होसचं तोंड वर. दुसऱ्या बाजूला तेच. डावं कॅलिपर उजवीकडं आणि उजवं डावीकडं बसवलं होतं, आणि ते पोरानं नाही, मी. एका बाकावर, खूण न करता. बोल्ट बसतात, पॅड बसतात, चाक फिरतं, म्हणून कुणाला कळत नाही. वर हवेचा फुगा अडकलेला आणि मी खालून तासभर स्वच्छ ऑइल काढत होतो.

मी काही बोललो नाही. पोरगं बोललं, "अण्णा, उल्टा," आणि पाना घेऊन आलं.

बदलाबदली करून नवे तांब्याचे वॉशर घातले. निपल वर आल्यावर पहिल्याच "हिडी"ला नळीत फस्स करून हवा आली, मग फेस, मग ऑइल. चौथ्या खेपेला पेडल बोटभर जाऊन थांबलं. गाडी किणयेच्या रस्त्यावर आधी विसाच्या वेगात, मग चाळीसला नेऊन ब्रेक मारला. सरळ थांबली. चाकं हात लावून पाहिली, गार होती.

मजुरी घेतली नाही. तिसरा डबाही माझ्या खात्यात. मामांनी जाताना मिरच्यांची पिशवी ठेवली ती परत करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या एका गाडीची कॅलिपर उतरवली होती. पोरानं न सांगता दोन्हींवर खडूनं लिहून ठेवलं होतं, कन्नडमध्ये. उजव्यावर 'बल'. डाव्यावर 'एड', उच्चार 'यड'. मी ते दोनदा वाचलं. पोरगं पान्याशी चाळा करत माझ्याकडं न बघता उभं होतं.

"डावं म्हणून लिहिलंय नव्हे?" मी विचारलं.

"हू, अण्णा," ते म्हणालं. "डावंच."