एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी

मला लहानपणापासून उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी ऑनलाइन लिहिते ते माझ्यासारख्या एका कानाने ऐकणाऱ्यांसाठी, आणि तेही फक्त आवाजाबद्दल. नव्याने लिहू लागलेली मंडळी विचारतात, "एवढ्याशा विषयावर किती दिवस लिहिणार? आणि वाचणार कोण?"

त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की गर्दीत उठून दिसायचं तर स्वतःचा खास विषय हवा. मग ते यादी काढतात: प्रवास, गुंतवणूक, पालकत्व, फिटनेस. सगळीकडे आधीच गर्दी दिसते, म्हणून 'प्रवास'चं 'एकट्याने प्रवास' होतं, त्याचं 'कमी खर्चात एकट्याने प्रवास' होतं. विषय आक्रसत जातो, पण त्यावर लिहिणारा अजूनही कुणीही असू शकतो. मला वाटतं, शोध विषयाचा नसावाच, वाचकाचा असावा. असा कोणता माणूस आहे, ज्याचा पुढचा प्रश्न तुम्हाला त्याने विचारायच्या आधीच ठाऊक असतो?

हेडफोनचंच घ्या. हेडफोनच्या परीक्षणांना इंटरनेटवर तोटा नाही, पण त्यांतली बहुतेक दोन कान गृहीत धरून लिहिलेली असतात. स्टिरिओ गाण्यात काही वाद्यं डावीकडे, काही उजवीकडे ठेवलेली असतात. मी एकच कान वापरते, त्यामुळे अर्धा वाद्यमेळ माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असा पर्याय असतो. तो चालू केला की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन त्या एका कानात येतो. दोन्ही कान धड असलेल्या परीक्षकाला ही सेटिंग उघडून बघायची वेळ सहसा येत नाही. माझ्या वाचकाला मात्र नवा फोन घेतल्यावर सगळ्यात आधी तीच शोधायची असते.

माझा सर्वाधिक वाचला गेलेला लेख आहे 'कोणत्या खुर्चीत बसायचं'. जेवणाच्या टेबलाशी, मीटिंगमध्ये, गाडीत. ऐकू न येणाऱ्या बाजूला बसलेल्या माणसाचा आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानाकडे येतो. त्या प्रवासात उच्च वारंवारतेचे ध्वनी डोकं अडवून धरतं. 'स', 'श', 'फ' ही व्यंजनं नेमकी त्यांतच मोडतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते निसटतं. आसपास गोंगाट असेल तर विचारूच नका. शिवाय बाजूने येणारा आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा जेमतेम 0.7 मिलिसेकंद आधी पोहोचतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. आमच्याकडे तुलनेला दुसरा कानच नाही. घरातच वाजणारा फोन आम्ही खोल्याखोल्यांतून शोधत फिरतो.

हे मी अतिशय बारकाईने लिहिलं, आणि अपेक्षा नसताना दोन्ही कानांनी ऐकणारे वाचक आले. वर्गात अशा मुलाला कुठे बसवावं हे विचारणारे शिक्षक आले. नवरा 'मुद्दाम' लक्ष देत नाही असं वाटणाऱ्या बायका आल्या, ध्वनिमुद्रण करणारे आले. विषय संपेल ही भीती तेव्हा कायमची गेली. हेल्मेट, व्हिडिओ कॉल, रस्ता ओलांडणं, नाट्यगृहातली जागा, एकेका पत्रातून एकेक लेख निघतो.

अरुंद जागेत खोल उतरलेल्या माणसांचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे स्कोटसब्लॉग हे संकेतस्थळ चालवणारे लोक. 2002 पासून ही मंडळी फक्त अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाबद्दल लिहीत आली. 28 जून 2012 रोजी आरोग्यविमा कायद्याचा निकाल आला, तेव्हा दोन मोठ्या वृत्तवाहिन्यांनी सुरुवातीची पानं बघून विमा घेण्याची सक्ती रद्द झाल्याचं सांगून टाकलं. ती टिकली होती, सरकारच्या कर बसवण्याच्या अधिकाराखाली. स्कोटसब्लॉगने ते बरोबर सांगितलं, कारण असा निकाल कुठपर्यंत वाचल्याशिवाय बोलू नये हे त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीने माहीत होतं. असं वाचन एका रात्रीत कुणाला उसनं घेता येत नाही. सर्वसाधारण माहितीचा लेख आता यंत्रही क्षणात लिहून देतं, तेव्हा तर या सवयीचं मोल मला फारच वाटतं.

आणि असा कोपरा धरला की जबाबदारीही येते. कोणतं श्रवणयंत्र घ्यावं, शस्त्रक्रिया करावी का, हे मी सांगत नाही. ते तपासणाऱ्या तज्ज्ञांचं काम. पण एक गोष्ट मी प्रत्येक लेखाच्या वर ठळक अक्षरांत ठेवते: एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर सर्दी असेल म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. अशा वेळी स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर ऐकू येणं परत मिळण्याची शक्यता जास्त असते. ही ओळ वाचून एक जण खरंच वेळेत गेला आणि त्याने तसं कळवलं. तेव्हापासून वाचकसंख्या बघण्यात माझा फारसा वेळ जात नाही.