शनिवारी नखं कापू नयेत

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे आदला दिवस शनिवारच. आणि शनिवारी नखं कापू नयेत, हा आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरातला आईचा कायदा. बुधवारी कापायची होती, राहिली. अंगठ्याचं नख जरा जरी वाढलेलं असलं, तरी उतारावर ते बुटाच्या टोकाला आपटत राहतं आणि दोन दिवसांनी काळंनिळं होतं. म्हणून शनिवारी दुपारी आईचा डोळा लागल्यावर मी गॅलरीत कुंडीच्या आड बसून एक नख कापलं. एकच. बाकीची ठीक होती, आणि पापही बेताचंच असावं.

सहा महिने उपवन ते येऊर पळून झालं. पहाटे पाचला येऊरच्या गेटपासून वर चढताना धाप लागायची, तेव्हाही इतका त्रास झाला नाही जितका या एका शनिवारी झाला. कारण या दिवशी काही करायचं नसतं. आता पळून दम वाढत नाही. चुकून काही केलं तर आहे तेच बिघडतं. माझ्यासारख्या, सुट्टीच्या दिवशी पंखे पुसणाऱ्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. त्यात सकाळपासून डावा गुडघा बोलायला लागला. परवापर्यंत मला गुडघा आहे हेसुद्धा लक्षात नव्हतं. मग घशात खवखव. मग पोटरीत काहीतरी. ओळखीच्या एका जुन्या धावणाऱ्याला फोन केला तर तो हसला. ‘‘सगळ्यांना होतं. उद्या दुसऱ्या किलोमीटरला विसरशील.’’

वजनकाट्यावर उभं राहायची काही गरज नव्हती, पण राहिलो. सव्वा किलो वाढ! बायको म्हणाली, गुळाच्या पोळ्या. तसं नाही. दोन-तीन दिवस भात-बटाट्यावर भर दिला की स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे शरीराची राखीव साखर, साठतं, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणजे तो सव्वा किलो हा उद्याचा शिधा. हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पोळ्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. पोळी मलाही नकोच होती, तीळ आणि तूप आदल्या दिवशी जड पडतात. पण जानेवारीत पावट्याची उसळ, हरभरे, मटार सगळं घरात असताना आपण वरणभात आणि बटाट्याची पिवळी भाजी खायची, ही खरी तपश्चर्या. पाणीसुद्धा तांब्या घेऊन ढोसत बसायचं नसतं. फार प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं.

संध्याकाळी घरात हळदीकुंकू. संक्रांतीनंतरचा शनिवार, बायकोला दुसरा दिवस सोयीचा नव्हता. मी आतल्या खोलीत, पाठ जमिनीवर, पाय भिंतीला लावून वर. वाणाची पिशवी नेमकी त्याच खोलीत. पिशवी घ्यायला आलेल्या शेजारच्या वहिनी दारातच थबकल्या.

‘‘अगंबाई, काय झालं भावोजींना?’’

‘‘काही नाही, उद्या पळायचंय त्यांना,’’ बाहेरून बायको.

‘‘मग आज का आडवे झालेत?’’

याला उत्तर नव्हतं. मी पाय भिंतीवरून न काढता तिळगूळ घेतला.

आडवं पडून मग मी भलतेच हिशेब केले. १८५३मध्ये पहिली आगगाडी बोरीबंदरहून निघाली ती ३४ किलोमीटरवर, आमच्या ठाण्याला येऊन थांबली. मला त्याच बोरीबंदरहून निघून ४२.१९५ किलोमीटर जायचंय, म्हणजे रुळावरून गेलो तर मुंब्रा मागे टाकून जवळजवळ दिव्यापर्यंत. आणि मला तर वाटेत पेडर रोडचा चढही आहे, तोही पाय संपल्यावर. मग बेळगावचे फडेप्पा चौगुले आठवले. १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये ते मॅरेथॉन धावले आणि १९वे आले. तिथलं अंतर तर ४२.७५० होतं, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरनं जास्त. पण माझं मन अडकलं ते बोटीत. शेतकऱ्याघरचा तो पोरगा मुंबईहून समुद्रमार्गे निघाला, पळायला फक्त डेक. मला एका शनिवारी स्वस्थ बसवत नाही. त्यांनी इतके दिवस पायांना काय सांगून गप्प ठेवलं असेल?

रात्री आठला सोफ्यावर सगळं मांडलं. बनियन, चड्डी, धुऊन मऊ झालेले जुने मोजे, व्हॅसलीनची डबी, जुनेच बूट. नवं काहीही घालायचं नाही, हा या खेळातला आईच्या नखांइतकाच कडक नियम. झोपेची फार चिंता नव्हती. जाणते सांगतात की आदल्या रात्रीपेक्षा त्याच्या आदल्या रात्रीची झोप कामाला येते, आणि शुक्रवारी मी मस्त घोरलो होतो. अडीचचा गजर लावला, पहाटेची लोकल धरायची म्हणून. मग बिब, म्हणजे छातीवरचा नंबराचा कागद, बनियनला लावायला घेतला आणि पाहतो तर पिना तीनच. चौथी कुठे गेली देव जाणे. त्याच्या मागे वेळ मोजणारी चिप असते, कोपरा फडफडत ठेवून चालत नाही. ड्रॉवर उपसले, शिवणाचा डबा उलटा केला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका जाऊन तासभर झाला होता, नाहीतर कोणाकडेही मिळाली असती.

आई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. तिनं मला बोलावलं, हात पुढे केला. पाटलीला दोन पिना अडकवलेल्या. त्यातली एक तिनं दातानं सैल केली, बनियन मांडीवर घेतली आणि चौथा कोपरा स्वतः लावला, चष्मा कपाळावर सारून, बोटानं चाचपत.

‘‘पिन परत आण हं,’’ म्हणाली. ‘‘आणि नख कुठे टाकलंस?’’