तो तं काढा हाये न!

मंगळवारी आमच्या उपकेंद्रावर बीपी-शुगरवाल्यांची गर्दी असते. एप्रिलचा पहिला आठवडा होता आणि दहा वाजताच पत्रा तापला होता. यवतमाळ जिल्ह्यात अडाण नदीच्या काठचं हे गाव. तूर-हरभरा घरात आला की लोकांना दवाखान्यात यायला सवड मिळते.

आबाजी खुर्चीत बसले. बीपी भरलं १८४/१०४. गोळ्यांची पाकिटं मोजली, एकही गोळी चुकलेली नव्हती. "उठा, वजन करू" म्हटलं, तर उठता येईना. दोन्ही हातांनी खुर्ची दाबून अर्धवट उठले आणि धपकन खाली बसले.

"पायच नाई राह्यले मले, म्याडम."

वय ७३, पण परवापरवापर्यंत वखर धरणारा माणूस. आधी लकव्याची शंका आली. पण तोंड वाकडं नव्हतं, बोलणं साफ होतं आणि दोन्ही मांड्या सारख्याच ढिल्या पडल्या होत्या. साखर १२८. नाडीवर बोटं ठेवली तर तीन-चार ठोके सरळ, मग एक गाळलेला. १०८ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत रजिस्टर उघडून बसले.

नोव्हेंबरात बीपी १३८/८४, अॅम्लोडिपिन या बीपीच्या एकाच गोळीवर. जानेवारीत १६०, म्हणून गोळी ५ ची १० केली. फेब्रुवारीत पायावर सूज. अॅम्लोडिपिननं घोट्यावर सूज येते हे आम्हाला तोंडपाठ, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नाही. मार्चमध्ये केंद्राच्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन जोडली. प्रत्येक पाऊल कागदावर बरोबर होतं. "आणखी काही औषध घेता का?" हे मी दर महिन्याला विचारलं होतं, आणि उत्तर दर महिन्याला "नाई".

तेवढ्यात आशाताई आजीला घेऊन आली. आजीच्या एका हातात फाइल, दुसऱ्या हातात थर्मास.

"यात काय आहे, आजी?"

"काढा हाये. रस्त्यात लागन त्यायले."

झाकणात ओतून घेतला. पिवळसर, तळाशी काडीचे धागे. घोट घेतला. आधी साधा गोड, मग जिभेच्या मागच्या बाजूला चिकटून राहणारा गोड, जो पाणी प्यालं तरी जात नाही. कॉलेजात द्रव्यगुणाच्या, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी वनस्पतींच्या, प्रॅक्टिकलला आम्ही ही काडी चघळली होती. यष्टिमधु. ज्येष्ठमध.

"आबाजी, हे तुम्ही मला सांगितलं नाही?"

"औषध कुठं हाये थे? तो तं काढा हाये न. आन तुमीच तं सांगतलं होतं, हिवाळ्यात."

खरंच होतं. डिसेंबरात त्यांना कोरडा खोकला होता. मी बीएएमएस. चरकाच्या कंठ्य, म्हणजे घशाला हितकर, गणात मधुक म्हणजे हेच ज्येष्ठमध आहे, बुद्धीसाठीच्या मेध्य रसायनांतही आहे. माझ्या तोंडून ते सहज गेलं: ज्येष्ठमध उकळून घ्या. "चार दिवस" म्हणाले होते की नाही, आठवत नाही. त्याच दिवशी मी दुसरंही सांगितलं होतं, की चहातली साखर बंद करा. आबाजींनी दोन्ही सल्ले मिळून एकच केला. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना आणि काढा तर आयता गोड. चहाच सोडला. दिवसातून चार कप, चार महिने. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड असतं, म्हातारा चुकला तरी कुठे?

"पुडी किती दिवस पुरते?" आजी म्हणाली, दीडशे ग्रॅम आठवड्याला. म्हणजे दिवसाला वीस ग्रॅमच्या वर. आयुर्वेदाच्या फार्माकोपियात, म्हणजे अधिकृत औषधग्रंथात, चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम आहे. काडीत चार टक्के ग्लिसिरायझिन धरा आणि त्यातलं निम्मंच पाण्यात उतरलं समजा, तरी रोजचे ४०० मिलिग्रॅम. युरोपात नेहमीच्या सेवनासाठी १०० ची मर्यादा सांगतात.

पुढचं गणित शरीराचं. रक्तातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या हार्मोनच्या जागेवर जाऊन बसू नये म्हणून तिथलं एक एन्झाइम त्याला निकामी करतं. ज्येष्ठमध त्या एन्झाइमलाच अडवतं. मग मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं, सूज येते आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. आबाजींचं पोटही नेहमी जड. आतडी संथ असली की हे द्रव्य अंगात जास्त मुरतं. त्यावर आम्ही क्लोरथॅलिडोन दिली, जी पोटॅशियम आणखी काढते. गळक्या माठाला आम्ही अजून एक भोक पाडलं होतं.

मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: ज्येष्ठमध काढा चार महिने, क्लोरथॅलिडोन चालू, पोटॅशियम बघा. थर्मास ठेवून घेतला. आजी रुसली.

रात्री आशाताईचा फोन आला. पोटॅशियम २.३. साडेतीनच्या खाली नको असतं. ईसीजी बिघडलेला. सलाईनमधून पोटॅशियम हळूहळू देत होते, लघवीची गोळी बंद केली होती. पाच दिवसांनी आबाजी आपल्या पायांनी एसटीतून उतरले. बीपी मात्र लगेच खाली आलं नाही. काढा सुटल्यावरही त्याचा अंमल दोन-तीन आठवडे राहतो. महिन्याभरानं १३६/८२, तेही पुन्हा ५ च्या गोळीवर.

तेव्हापासून मी "औषध घेता का" विचारत नाही. "सकाळी उठल्यापासून काय काय पिता?" असं विचारते. पहिल्याच आठवड्यात एक काकाजी निघाले, ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळीवर ग्लासभर कारल्याचा रस घेणारे. पहाटे घाम फुटायचा तो भुताटकीचा समजत होते. एक मावशी कोरोनापासून गुळवेल उकळून पीत होती. त्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताची इजा नोंदवली, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद मी इथे सोडवणार नाही. मावशीची लिव्हरची तपासणी मात्र करून घेतली, ती ठीक निघाली. मैत्रिणी म्हणतात, तू आपल्याच शास्त्रावर उलटलीस. मात्रा आणि काळ हेही त्याच शास्त्रात शिकवलं होतं ना?

परवा आबाजींकडे गेले. अर्धा चमचा साखरेचा चहा मिळाला. उरलेली पुडी फडताळात तशीच होती. आजी म्हणाली, फेकत नाही, नातवाले खोकला झाला तं लागन. मी पेननं पुडीवर लिहिलं: चार दिवस.

"मले वाचता येते का?" आजी म्हणाली, आणि माझ्याकडून पुडीवर चार रेघा मारून घेतल्या.